अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या (बोलणं, भाषा आणि गिळणं यांतल्या अडचणींवरच्या उपचारांच्या) मास्टर्सला एके ठिकाणी प्रवेश मिळालाय, आवडत्या विद्यापीठात वेटिंग लिस्टवर आहे. थांबू का?

थांबा, पण हातातली जागा सोडून नाही: पत्रातल्या मुदतीत ती स्वीकारा आणि वेटिंग लिस्टवरही नाव राहू द्या. बहुतेक ठिकाणी ही मुदत १५ एप्रिलच्या आसपास असते. एकेका विद्यार्थ्याकडे दोन-तीन प्रवेश असतात, नको असलेल्या जागा तो याच दिवसांत सोडतो, आणि वेटिंग लिस्टही मुख्यतः तेव्हाच पुढे सरकतात. पुढे आवडत्या ठिकाणाहून बोलावणं आलं तर भरलेली अनामत रक्कम बुडू शकते, एवढी तयारी ठेवा. तोवर दोन्ही कोर्सची नीट तुलना करा. विद्यापीठाच्या नावापेक्षा मला या गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात:

- सीएएची (अमेरिकेत या विषयाच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता. ती नसेल तर पुढचं काही बघूच नका.
- प्रॅक्सिस या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं आणि वेळेत कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण. हे आकडे कोर्सच्या वेबसाइटवर द्यावेच लागतात.
- त्याच व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी लागणारे ४०० क्लिनिकल तास (प्रत्यक्ष रुग्णांसोबतचा सराव) कुठे मिळतात: फक्त विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये, की शाळा आणि हॉस्पिटलमध्येही? गिळण्याच्या तक्रारी असलेल्या रुग्णांवर काम करायचं असेल तर हॉस्पिटलची प्लेसमेंट (सरावाची जागा) मिळतेच का, हे आत्ताच ईमेल करून विचारा. सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाही विचारा, तो जास्त मोकळेपणानं सांगेल.

मात्र तुम्ही भारतातून बीएएसएलपी (याच विषयाची पदवी) करून जात असाल, तर जून-जुलैपर्यंत वाट पाहणं धोक्याचं आहे. नव्या विद्यापीठाचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) आणि व्हिसाची मुलाखत यांना वेळ पुरला पाहिजे.