सेटिंग्जच्या चाचण्या : एकेकट्या पास, एकत्र नापास

प्रश्न : आंबापेट्यांच्या नोंदींतले इंग्रजी अंक देवनागरीत बदलणारं, व्हीएस कोड या एडिटरचं प्लगिन मी लिहिलंय. ‘अंकलिपी’ ही सेटिंग नीट साठवली जाते का, हे तपासणाऱ्या चाचण्या एकेकट्या पास होतात. एकत्र चालवल्या की एक-दोन नापास. पावसात नेट गेलं तर त्या सुरूच होत नाहीत. काय करावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : एका चाचणीने लिहिलेली व्हॅल्यू पुढच्या चाचणीला सापडते आहे. सेटिंग एकाच जागी नसते. प्लगिनच्या पॅकेज डॉट जेसनमधली डिफॉल्ट, तिच्यावर युजरची (म्हणजे ग्लोबल), तिच्यावर वर्कस्पेसची, म्हणजे उघडलेल्या प्रोजेक्टची, सगळ्यांत वर फोल्डरची. सेटिंग वाचणारं ‘गेट’ फक्त शेवटी लागू झालेली व्हॅल्यू देतं, ती कुठल्या थरातून आली ते सांगत नाही. साठवण तपासायची तर ‘इन्स्पेक्ट’च वापरा, त्यात प्रत्येक थर वेगळा दिसतो.

सेटिंग लिहिणाऱ्या ‘अपडेट’ला तिसरं आर्ग्युमेंट, म्हणजे ग्लोबल की वर्कस्पेस, दरवेळी स्पष्ट द्या. ते गाळलं तर वर्कस्पेसमध्ये लिहायला जातं आणि फोल्डर उघडं नसेल तर एरर येते. लिहिणं पूर्ण होईपर्यंत थांबायला ‘अपडेट’च्या आधी ‘अवेट’ हवाच. लिहून झाल्यावर, सेटिंग्जचं ऑब्जेक्ट देणारं ‘गेटकॉन्फिगरेशन’ पुन्हा बोलवा. आधी घेतलेल्या ऑब्जेक्टमध्ये जुनीच व्हॅल्यू राहते. बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं.

प्रत्येक चाचणीनंतर ‘टीअरडाउन’मध्ये ज्या थरात लिहिलं, तिथेच ‘अनडिफाइन्ड’ लिहा, म्हणजे नोंद पुसली जाते. डिफॉल्ट व्हॅल्यू परत लिहिणं म्हणजे साफसफाई नव्हे, वर्कस्पेसच्या फाइलीत ती नोंद राहतेच. शिवाय खऱ्या व्हीएस कोडमध्ये चाचण्या चालवणारं टेस्ट-इलेक्ट्रॉन हे पॅकेज युजर डेटा ‘डॉट व्हीएसकोड-टेस्ट’ फोल्डरात ठेवतं, त्यामुळे कालचा कचरा आजही भेटतो. ‘युजर-डेटा-डिर’ला दर वेळी नवा तात्पुरता फोल्डर द्या.

नेटचं म्हणाल, तर त्याच पॅकेजच्या ‘रनटेस्ट्स’ला ‘व्हीएसकोडएक्झिक्युटेबलपाथ’मध्ये मशीनवरच्याच व्हीएस कोडचा पत्ता द्या, म्हणजे चाचणीसाठी व्हीएस कोड डाउनलोड करायची गरज उरत नाही.

पण मुळात बहुतेक चाचण्यांना एडिटर लागूच नये. सेटिंग वाचणं-लिहिणं एका छोट्या क्लासमध्ये ठेवा, बाकीच्या कोडला तो बाहेरून द्या आणि चाचणीत त्याच्या जागी साधा ‘मॅप’, म्हणजे मेमरीतल्या नाव-व्हॅल्यू जोड्या, वापरा. ‘व्हीएसकोड’ मॉड्यूल फक्त त्या क्लासच्या फाइलीत इम्पोर्ट करा. ते एडिटरबाहेर, नुसत्या नोडमध्ये सापडत नाही. इथे एक चाचणी विसरू नका : कुणी सेटिंग्ज डॉट जेसनमध्ये हाताने ‘अंकलिपी’ची भलतीच व्हॅल्यू टाकली, तर एडिटर अधोरेखित करून इशारा देतो, पण ‘गेट’ तीच चुकीची व्हॅल्यू तुमच्या हाती ठेवतं. ती ओळखून डिफॉल्टवर येणं तुमच्या कोडचं काम. खऱ्या एडिटरमध्ये मग तीन-चार चाचण्या पुरतात : ग्लोबल लिहिणं, वर्कस्पेस लिहिणं, वर्कस्पेसने ग्लोबलवर मात करणं आणि पुसणं.