मस्ट हॅव, माइट हॅव, कुड हॅव: झालेल्या गोष्टीची खात्री नसेल तर इंग्रजीत नेमकं काय वापरायचं?

तुमचा प्रश्न असा की ‘ही मस्ट हॅव गॉन’ आणि ‘ही माइट हॅव गॉन’ यांत फरक काय, आणि क्लासच्या सरांनी ‘मस्ट म्हणजे पाहिजेच’ असं सांगितल्यामुळे तुम्ही पहिल्याचा अर्थ ‘त्याला जायलाच पाहिजे होतं’ असा लावताय. ते ‘पाहिजेच’ वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी तुमचं उत्तर. समोर पुरावा आहे, दुसरं काही घडलं असेल असं वाटतच नाही, तेव्हा मस्ट हॅव. असेलही, नसेलही, तेव्हा मे, माइट किंवा कुड हॅव. घडलेलं असणं शक्यच नाही, तेव्हा कान्ट किंवा कुडन्ट हॅव. आणि ‘त्याला जावं लागलं’ म्हणायचं असेल तर ‘ही हॅड टू गो’. मस्ट हॅवचा त्याच्याशी संबंध नाही.

आता माझं. मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचे. टेरी टॉवेल, पार्टी म्हणजे माल घेणारी कंपनी युरोपातली. एका पावसाळ्यातल्या मालाबद्दल त्यांचा मेल आला: वरच्या थरातल्या कार्टनना ओल लागलीय, टॉवेलवर डाग आहेत, क्लेम लावतोय, म्हणजे नुकसानभरपाई मागतोय. पावसाळी दमट हवेत कंटेनर भरून बंद केला आणि तो पुढे थंड हवेत गेला की आत छताला पाणी सुटतं आणि वरच्या कार्टनवर ठिबकतं. या धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत असतं. पण आमच्याच कंटेनरमध्ये तसं झालं, याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. माल निघताना कोरडा होता, याचा मात्र होता. पॅकिंगच्या वेळी ओलाव्याची नोंद रजिस्टरमध्ये सहीनिशी होती.

म्हणून मी दोनच वाक्यं लिहिली. कार्टन निघताना ओले ‘कान्ट हॅव बीन’, रजिस्टरची प्रत जोडली आहे. आणि ओल कंटेनरमध्ये ‘मे हॅव फॉर्म्ड’. जिथे खात्री तिथे ठाम, जिथे नाही तिथे नाही.

आमच्या मॅनेजर साहेबांनी दोन्ही फिरवली. “ओ म्यॅडम, कान्ट म्हणजे लई उद्धट वाटतंय की. मे नॉट करा.” आणि दुसऱ्या वाक्यातलं ‘मे’ त्यांना मिळमिळीत वाटलं, तिथे ‘मस्ट’ घातलं, वर बंदराचं नाव. म्हणजे पार्टीला गेलं ते असं: निघताना कार्टन ओले नसतीलही, पण बंदरावर पाणी नक्कीच शिरलं असणार. जिथे पुरावा होता तिथे आम्ही शंका काढली आणि जिथे नव्हता तिथे छाती ठोकली!

पार्टीनं दोन्ही धरलं. तुम्हालाच खात्री नाही म्हणजे कार्टन आधीच ओले असू शकतात, हे तुम्ही मान्य करता का? आणि बंदरावर पाणी शिरल्याचा पुरावा पाठवा. शेवटी डेबिट नोट, म्हणजे पैसे वजा करत असल्याचा कागद आला आणि पैसे कापले गेले. मी वाक्यांचा विषय काढला तर सगळ्या ऑफिससमोर ऐकवलं, “मराठी मीडियमनं इंग्लिशमध्ये डोकं लावू नये, टाइप करावं.” साहेब कॉन्व्हेंटचे.

तर ऐका. मला मस्ट हॅव कळलं ते मराठी मीडियममुळेच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच घरांसारखं आमच्या घरी तेलुगू, मराठी शाळेत शिकले, त्यामुळे व्याकरण घोकूनच पाठ केलं. क्रियापदाचे चार अर्थ: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातला विध्यर्थ आठवा. ‘मुलांनी मोठ्यांचा मान राखावा’ यात कर्तव्य आहे. ‘गाडी एव्हाना कुर्डुवाडीला पोचली असावी’ यात तर्क आहे. दोन्हीकडे विध्यर्थच. म्हणून कुर्डुवाडीला पोचणं हे गाडीचं कर्तव्य आहे असं कुणी समजतं का? मस्टचं अगदी तेच आहे. एकीकडे सक्ती, एकीकडे तर्क, आणि मस्टच्या पुढे हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप (गॉन, बीन) आलं की बहुतेक वेळा तर्कच. ज्या सरांना हे सांगता येत नाही त्यांची फी भरू नका. स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा आपलं जुनं मराठी व्याकरणाचं पुस्तक काढा.

मराठी माणूस अडकतो तो ‘असेल’पाशी. ‘गेला असेल’ हे आपण खात्रीनंही म्हणतो आणि खांदे उडवूनही म्हणतो, बाकीचं काम आवाज करतो. मेलला आवाज नसतो. त्यामुळे इंग्रजीत लिहिण्याआधी स्वतःला विचारा की इथे मराठीत ‘असणार’ म्हटलं असतं का. उत्तर हो असेल तर मस्ट, नाहीतर मे किंवा माइट. या दोघांत उगाच बारीक फरक शोधत बसू नका. माइट किंचित कमी खात्रीचं म्हणतात, पण रोजच्या वापरात कुणी मोजत नाही.

एका ठिकाणी मात्र फरक पडतो. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पोरगं पाळण्यातून वाकलं, पडलं नाही. तिथे ‘ही कुड हॅव फॉलन’ किंवा ‘माइट हॅव’. म्हणजे पडू शकला असता, पण वाचला. इथे शक्यतो ‘मे हॅव’ नको, कारण मे म्हणजे पडला की नाही ते अजून माहीत नाही. कुड हॅव दोन्हीकडे चालतं, अर्थ मागच्यापुढच्या वाक्यावरून घ्यायचा.

आणि ‘मे नॉट हॅव’ म्हणजे ‘कुडन्ट हॅव’चं सभ्य रूप नव्हे. मे नॉट म्हणजे कदाचित नसेल. कुडन्ट म्हणजे शक्यच नाही. कान्ट उद्धट वाटत असेल तर कुडन्ट लिहा, अर्थ तोच राहतो.

खरं सांगायचं तर पैसे काही निव्वळ दोन शब्दांपायी गेले नाहीत. माल भरतानाचे फोटो काढायला हवे होते, ते कुणी काढलेच नव्हते, आणि विम्याचा सर्व्हेअरही उशिरा गेला. शिवाय सगळेच कॉन्व्हेंटवाले तसे नसतात, माझी भाची तिथेच शिकते. शुड हॅवबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यालाही दोन अर्थ आहेत: करायला हवं होतं पण केलं नाही, आणि एव्हाना झालेलं असायला हवं. बस स्वारगेटला ‘शुड हॅव रीच्ड बाय नाऊ’ म्हटलं तर बसला कुणी दोष देत नसतं. आणि ‘मस्ट हॅव’ बोलताना ‘मस्टव’ असं ऐकू येतं, म्हणून काही जण ‘हॅव’च्या जागी ‘ऑफ’ (of) लिहितात. ते चूक आहे, परदेशी माणसानं लिहिलं तरी.