धरणाच्या वरच्या उतारावर झाडं लावताय? आधी हे बघा

पाणलोटात जंगल उभं करायचं ठरवलंत, फार छान. पण आधी एक पावसाळा नुसती जमीन बघा. तोडलेल्या ऐन, किंजळ, जांभळाच्या खोडांना धुमारे फुटत असतील, तर तिथे खड्डा खणूच नका. दोन जोमदार धुमारे ठेवा, बाकीचे छाटा, गुरं आत येऊ देऊ नका. मुळं आधीच खोल गेलेली असतात, म्हणून ही झाडं रोपांपेक्षा लवकर वाढतात आणि हवेतला कार्बनही लवकर धरतात.

मोकळ्या जागेसाठी:

- खड्डे मे महिन्यात, दीड फूट लांब-रुंद-खोल. लागवड जूनमध्ये माती चांगली भिजल्यावर.
- ओढ्याकाठी उंबर, करंज, जांभूळ. उतारावर हिरडा, बेहडा, ऐन.
- रोपाची पिशवी पूर्ण काढा. तळाशी गुंडाळलेली मुळं कापा, नाहीतर झाड पुढे कोलमडू शकतं.

गिरिपुष्प, सुबाभूळ ही बाहेरून आलेली झाडं. झटपट हिरवं दिसतं म्हणून लावू नका. कातळसड्यावर (उघड्या खडकाच्या पठारावर) तर काहीच लावू नका. तिथलं गवत आणि फुलं हीच तिथली खरी संपत्ती.

बरीच रोपं वणव्यात जातात. डिसेंबरपर्यंत गवत कापून जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळी पट्टी. कार्बनची मोजणी सध्या राहू द्या, रोपं तीन उन्हाळे जगवा.