डब्लिन कॉडल (सॉसेज, बेकन आणि बटाट्यांचा आयरिश स्ट्यू) घरी कसं करायचं? सॉसेज आधी परतायचे का?

जुन्या पद्धतीत परतत नाहीत. म्हणून कॉडल फिकट दिसतं आणि आयर्लंडमध्येच त्याची थट्टा होते. रंग खटकत असेल तर परता, पण मग चव वेगळी होईल.

चौघांसाठी ८ पोर्क सॉसेज, पाव किलो बेकन, किलोभर बटाटे, ३ कांदे. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा, बेकन, सॉसेज आणि वर बटाट्याच्या जाड फोडी असे थर लावा. भरपूर मिरपूड आणि चिरलेली पार्सली घाला. चिकन स्टॉक किंवा पाणी फक्त अर्ध्या उंचीपर्यंत. वरचे बटाटे वाफेवरच शिजतात. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर तासभर तरी ठेवा. खळखळून उकळलं तर सॉसेज फुटतात. बेकन खारट असतं, त्यामुळे मीठ शेवटी, चाखूनच.

गाजर घालावं की नाही यावर डब्लिनकर भांडतात; मी घालत नाही. गोव्याचं चोरीस (तिखट-आंबट सॉसेज) मात्र इथे नको, त्यातलं व्हिनेगर आणि मिरची सगळं ताब्यात घेतात. सोबत सोडा ब्रेड घ्या, रस्सा टिपायला.

कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य असे. उरलेलं बेकन-सॉसेज गुरुवारी असं संपवलं जाई, असं सांगतात.