उंची कमी आहे? आधी बारेझी बघ

प्रिय मित्रा,

फुटबॉलमध्ये उंची कमी म्हणून सेंटर बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) सोडून फुलबॅक (फळीच्या कडेचा खेळाडू) व्हावं का, असं तू विचारलं आहेस. त्याआधी इटलीचा सेंटर बॅक फ्रँको बारेझी याची कारकीर्द नीट अभ्यास. उंची १७६ सेंटिमीटर. इंटर क्लबने लहानपणी नाकारलं, तेव्हा तो त्याच शहरातल्या एसी मिलान क्लबकडे गेला आणि १९७८ ते १९९७ तिथेच ७१९ सामने खेळला. १९८० आणि १९८२ मध्ये क्लब सेरी बी मध्ये (इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत) घसरला, तरी तो हलला नाही.

उंचीची उणीव त्याने योग्य जागी उभं राहून भरून काढली. १९८७ मध्ये अरिगो साकी प्रशिक्षक झाल्यावर मिलानची बचावफळी भरपूर पुढे खेळू लागली आणि ती हलायची बारेझीच्या इशाऱ्यावर. तुला शिकायचं आहे ते हेच.

फळी पुढे कधी न्यायची? प्रतिस्पर्ध्याने चेंडू मागे दिला, किंवा चेंडूवाल्याची पाठ आपल्या गोलकडे असली, किंवा चेंडू ताब्यात घेताना त्याची मान खाली गेली की लगेच तीन-चार पावलं पुढे. पण तो मोकळा असेल, मान वर असेल आणि पाय मारायला तयार असेल, तर पुढे जायचं नाव काढू नकोस. अंग एका बाजूला वळवून मागे सरक. चेंडूवर दबाव नसताना फळी चढली की पाठीमागे पडणाऱ्या एका पासवर सगळे उघडे पडतात. दुसरी नेहमीची चूक लांबच्या बाजूच्या फुलबॅकची असते. तो दोन पावलं मागे रेंगाळला की सगळे फॉरवर्ड ऑनसाइड, म्हणजे फळीच्या पुढे न गेलेले, नियमात बसणारे. म्हणून 'पुढे' असं ओरडून झालं की आधी त्याच्याकडे बघ.

ऑफसाइड मागण्यासाठी हात वर करण्याची बारेझीची सवय मात्र उचलू नकोस. शिट्टी वाजेपर्यंत पळायचं. शिवाय १९९० पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला फॉरवर्ड ऑनसाइड धरला जातो, म्हणजे ऑफसाइड ट्रॅपमध्ये (फळी एकदम पुढे नेऊन फॉरवर्डला ऑफसाइड पकडण्यात) चुकीला जागा आणखी कमी. शालेय सामन्यात लाइन्समन नवखा दिसला तर ट्रॅप लावूच नये, हे माझं स्पष्ट मत.

हवेतल्या चेंडूसाठी उंच फॉरवर्डशी उडीची स्पर्धा करू नकोस. चेंडू निघण्याआधी त्याच्यापासून हातभर अंतर घे, म्हणजे धावत येऊन उडता येईल. तरीही हेडर त्यालाच मिळणार असं दिसलं, तर उडी सोड आणि चेंडू जिथे पडेल तिथे उभा राहा.

गुडघ्याबद्दल एक सांगतो. १९९४ च्या विश्वचषकात २३ जूनला नॉर्वेविरुद्ध बारेझीचा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि १७ जुलैला तो ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात १२० मिनिटं खेळला. हे बघून कुणी घाई करू नये. फाटलेला तुकडा काढला तर खेळाडू काही आठवड्यांत उभा राहतो, टाके घातले तर कित्येक महिने जातात. आपलं कोणतं झालं आहे, हे डॉक्टरांना विचारून मगच तारीख ठरवायची.

त्याच अंतिम सामन्याचं पूर्ण चित्रीकरण मिळव. आवाज बंद कर, चेंडू विसर आणि इटलीच्या ६ नंबरकडेच बघ. समोर रोमारियो आणि बेबेतो आहेत. पहिल्या अर्ध्या तासात तो किती वेळा मान वळवून मागे बघतो आणि कोणत्या पासनंतर पुढे सरकतो, ते वहीत लिही. वही रविवारी सरावाला घेऊन ये.

तुझे,
सर