हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाताना कोणती एलईडी बॅटरी न्यावी? ७९९ रुपयांची ९००० ल्यूमेनवाली चालेल का?

नाही, ती चालणार नाही. मागवली असेल तर आधी ऑर्डर रद्द करा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात घरचे चौघं, त्यात दहा वर्षांचा मुलगा, पाचनईच्या वाटेने गडावर जाऊन एक रात्र तंबूत राहणार आहात. बॅटऱ्यांवर एकूण दोन-अडीच हजार घालायची तयारी आहे, आणि मुलाला वेगळी द्यावी की नाही हेही विचारलंय. मी बरीच वर्षं सह्याद्रीत भटकतोय आणि या वस्तूवर नको तितके पैसे घालवून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो. एक आधीच सांगून ठेवतो: आमच्याकडे हातातल्या टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात तो सेल. इथेही तसंच लिहितोय. विजेरी हा शब्द गोड आहे, पण दुकानात जाऊन विजेरी मागितली तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

ल्यूमेन म्हणजे उजेड मोजायचं माप. त्या ९००० चा हिशोब करून बघा. बॅटरीतल्या एलईडीतून एका वॅटमागे साधारण शंभर-सव्वाशे ल्यूमेन बाहेर पडतात. म्हणजे ९००० ल्यूमेनला ७० ते ९० वॅट हवेत. जाहिरातीतल्या बॅटरीत असतो एकच १८६५० सेल. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. हा सेल ३.६ व्होल्टचा, आणि नावाजलेल्या कंपन्यांचासुद्धा ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास थांबतो. त्यात साठलेली वीज झाली साडेबारा वॅट-तास. ८० वॅटने ओढली तर दहा मिनिटांत खेळ खलास, आणि तोवर ती नळी इतकी तापेल की हातात धरवणार नाही. मोटारीचा साधा एच-फोर हॅलोजन बल्ब हाय बीमला दीड-पावणेदोन हजार ल्यूमेन देतो. म्हणजे खिशातल्या बॅटरीत पाच हेडलाइट मावतात असं हे लोक म्हणतायत.

सेलवर लिहिलेले आकडेही असेच. माझ्याकडे एका स्वस्त बॅटरीबरोबर ९८०० एमएएच छापलेला सेल आला होता. हातात घेतला तेव्हाच पोकळ वाटला. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर टाकला तर भरला २९ ग्रॅम. खरा १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या घरात असतो. सोनार म्हणाला, "दागिना असता तर तुम्ही मला कोर्टात नेलं असतं." तेव्हापासून बॅटरी घेताना मी ल्यूमेन सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ते सेल कुठला आहे, बाहेर निघतो का, आणि बटण काय काय करतं.

बटणाचं महत्त्व मला कळसूबाईने शिकवलं. सूर्योदय गाठायचा म्हणून पायथ्याच्या बारी गावाहून रात्री दीडला निघालो होतो. हातात नवी कोरी, भरपूर उजेडाची बॅटरी. लोखंडी शिडी आली आणि लक्षात आलं की शिडीला दोन्ही हात लागतात. बॅटरी दातांत धरली. दांड्यावर पकडीसाठी खाचा पाडलेल्या असतात, त्या ओठांना घासत होत्या. लाळ हनुवटीवरून खाली चाललेली, आणि मान जरा वर केली की उजेड शिडी सोडून आभाळात. अर्ध्या शिडीवर जिभेचा की दाताचा धक्का लागला कोण जाणे, बॅटरी लुकलुकायला लागली. त्या मॉडेलचं बटण एकदा दाबलं की जोरात, मग मंद, मग लुकलुक, मग पुन्हा जोरात. बंद करायची तरी या सगळ्यातून जायचं. हात सोडता येईना, त्यामुळे उरलेली शिडी मी लग्नाच्या वरातीतल्या दिव्यांत चढावी तशी चढलो. वरून मित्र ओरडत होता, "अरे, ते आधी बंद कर!"

तेव्हा पहिली वस्तू हेडटॉर्च, म्हणजे कपाळाला पट्ट्याने बांधायचा. तंबू ठोकताना, स्टोव्ह पेटवताना, मुलाच्या बुटाची नाडी बांधताना हात मोकळे पाहिजेत. त्याला मंद, मध्यम, जोरात अशा तीन पायऱ्या पुरतात, आणि लुकलुक असलीच तर ती बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय सुरू होता कामा नये. शक्य तर लाल दिव्याचा घ्या. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ते सगळं वाया जातं. गडावरून नोव्हेंबरचं आकाश बघायचं असेल तर लाल दिव्यात चहा करता येतो आणि तारेही दिसत राहतात.

उजेड किती लागतो? तंबूत वीस-तीस ल्यूमेन म्हणजे चैन. वाटेवर चालायला ऐंशी ते शंभर. वाट चुकल्यावर समोर वाटेची खूण म्हणून रचलेला दगडी मनोरा आहे की झाड हे बघायला अडीचशे-तीनशे, तेही मिनिटभर. त्याच्या वरचे आकडे डोंगरवाल्याच्या कामाचे नाहीत. दगडी मनोरा लिहिलं कारण देवळापासून कोकणकड्याकडे जाताना पठारावर अनेक पायवाटा फुटतात, आणि रात्री सगळ्या सारख्याच दिसतात. जोराच्या उजेडाचा खरा उपयोग तिथे. कड्याच्या काठाशी मात्र काळोखात जाऊच नका, बॅटरी कितीही भारी असो.

खोक्यावर एएनएसआय एफएल-१ (बॅटऱ्या तपासण्याचं अमेरिकन मानक) असं लिहिलेलं असेल तर आकडे निदान एका ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. पण ती पद्धत काय आहे ते माहीत हवं. ल्यूमेन मोजतात ते चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने. किती तास चालते, हे मोजतात ते उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '३०० ल्यूमेन, ४० तास' वाचून तुम्ही दोन रात्री झगमगाटाची स्वप्नं बघाल, आणि प्रत्यक्षात पहिल्या काही मिनिटांनंतर बराच काळ शंभर, पन्नास, तीस असा उतार चाललेला असेल. झोताचं अंतरही तसंच. जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथवर ते मोजतात, आणि पाव लक्स म्हणजे पौर्णिमेचं चांदणं. १०० मीटर लिहिलं असेल तर कामाचे पन्नास धरा.

आता सेल, ज्याच्यावर सगळं अडतं. बाजारात मुख्यतः दोन जाती. एकात तीन बारीक पेन्सिल सेल, म्हणजे एएए. दुसऱ्यात लिथियम सेल आणि यूएसबीने चार्जिंग. चार्ज होणारे तीन बारीक पेन्सिल सेल मिळून तीनएक वॅट-तास देतात. शंभर ल्यूमेनला साधारण एक वॅट जातो, म्हणजे तीन तासांच्या आत गार. एक खरा १८६५० त्याच उजेडात रात्रभर जागतो. मग लिथियमच घ्यावा असं वाटेल. पण रात्री अकराला तो उतरला तर? गावातल्या दुकानात बिस्किटांशेजारी पेन्सिल सेल टांगलेले असतात, १८६५० नसतो. आत कायमचा बसवलेला लिथियम सेल असेल तर आणखी पंचाईत, कारण दोन-तीन वर्षांनी सेल थकला की अख्खी वस्तू भंगारात. म्हणून माझा कौल: एक तर सेल काढता येणारा लिथियमवाला, किंवा दोन्ही चालणारा. पेट्झल कंपनीच्या टिक्का या हेडटॉर्चमध्ये तीन एएए घाला नाहीतर त्यांचा कोअर नावाचा चार्ज होणारा सेल घाला, दोन्ही चालतं. तुमच्या पैशांत चार टिक्का बसणार नाहीत. डेकॅथलॉनमध्ये साधे तीन सेलवाले हेडटॉर्च मिळतात आणि हातात घेऊन, बटण दाबून, कपाळाला लावून बघता येतात. फोटो बघून घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

चौघांना चार घ्या. एका बॅटरीमागे चौघं चालले की तिसऱ्याला स्वतःच्या सावलीशिवाय काही दिसत नाही आणि चौथा ठेचकाळतो. दोन बऱ्यापैकी, दोन साध्या, असं जमवा. मोबाइलचा टॉर्च यात धरू नका. अडचणीत फोन करायला तोच लागतो.

सेल घालून बॅटरी कपाटात ठेवायची नाही. साधे अल्कलाइन सेल पडून राहिले की पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. माझी एक उत्तम बॅटरी अशी गेली. थोडीच पूड असेल तर कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पुसा, कोरडं करा आणि मग खोडरबराने घासा.

पाण्याचं थोडक्यात. नोव्हेंबरात दवच पडेल, तेव्हा आयपीएक्स-४ हा पाणीरोधक दर्जा पुरे. पावसाळ्यातही जाणार असाल तर आयपीएक्स-७ बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पुढचं तोंड ओढून झूम होणाऱ्या बॅटऱ्या टाळा. तोंड पुढेमागे सरकतं तिथूनच पाणी आणि धूळ आत जाते. यूएसबीच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसतं का तेही बघा.

आणखी एक दुखणं म्हणजे सॅकमध्ये आपोआप चालू होणं. रतनगडावर संध्याकाळी सॅक उघडली तर आतले कपडे गरम लागले. बॅटरी बहुधा सकाळपासून कपड्यांच्या घडीत जळत होती. गुहेतली ती रात्र मेणबत्तीवर काढली. हातातल्या बॅटरीचं मागचं झाकण अर्धा फेरा सैल करून ठेवलं की हा प्रकार होत नाही. हेडटॉर्चमध्ये सेल आणि पट्टीच्या मध्ये जाड कागदाचा कपटा सरकवा. काहींत बटण लॉक करायची सोय असते, दुकानात विचारा.

हेडटॉर्चबरोबर हातातली एक छोटी हवीच, दोन पेन्सिल सेलवाली चालेल. एक तर एखादी दगा देते म्हणून. दुसरं कारण धुक्याचं. पावसाळ्यात ढग गडावर उतरले की कपाळावरचा उजेड समोरच्या थेंबांवरून डोळ्यांत परत येतो आणि पुढे नुसती पांढरी भिंत उभी राहते. बॅटरी हातात घेऊन कमरेच्या खाली धरली की पायवाट दिसायला लागते. कोरड्या हवेतही कपाळावरच्या उजेडात खाचखळगे सपाट भासतात. हात खाली नेला की दगडांना सावल्या फुटतात आणि पायरी किती खोल आहे ते कळतं.

रात्री शौचाला उठाल तेव्हाही अशीच खाली धरा, पायाच्या दोन पावलं पुढे. मण्यार रात्रीच हिंडते, आणि फुरसं तर पाचोळ्यात पाचोळाच वाटतं. सकाळी बूट घालण्याआधी आत उजेड मारून झटका. (विंचू अतिनील बॅटरीखाली हिरवट-निळा चमकतो. त्यासाठी वेगळी बॅटरी घ्यायची गरज नाही, पण एकदा बघाल तर विसरणार नाही.)

तंबूत कंदील नेऊ नका. पाण्याची भरलेली पारदर्शक बाटली घ्या, हेडटॉर्चचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळा आणि दिवा बाटलीच्या आत तोंड करून मंद ठेवा. चौघांना जेवायला पुरेसा मऊ उजेड पडतो.

एका मुक्कामात रात्री वाट दाखवायला एक मामा बरोबर होते. मी हौसेने माझा हेडटॉर्च फुल करून त्यांच्याशी बोलायला वळलो. ते डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "आधी ते कपाळ बंद करा, मग बोला." त्यांच्या हातात दोन सेलची पिवळट उजेडाची जुनी बॅटरी होती आणि तीही ते दर दहा पावलांनी विझवत होते. समोरच्याशी बोलताना दिवा खाली वळवायची सवय आताच लावून घ्या. पुढे कधी मेअखेरीला भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलात तर तिथे बॅटरी अजिबात मारू नका. उजेड पडला की ते लुकलुकायचे थांबतात.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक काम करा. रात्री नऊला चारही बॅटऱ्या पूर्ण भरून, मंद उजेडावर, बाथरूममध्ये मांडून ठेवा. अकराला, एकला, पहाटे पाणी प्यायला उठाल तेव्हा एकदा डोकावा. कुठली किती वाजता मंदावली ते कागदावर लिहा. जी बारालाच डोळे मिटते ती दुकानात परत. उरलेल्या तिघी रात्र काढतील.

मुलाला वेगळी द्याच. साधी, पेन्सिल सेलची, दोरीने गळ्यात अडकवायची. पहिल्या तासात तो ती झाडांवर, आभाळात, बहिणीच्या तोंडावर मारून निम्मी संपवेल, संपवू द्या. तिचे दोन जादा सेल तुमच्या खिशात ठेवा, फक्त त्याला सांगू नका.