सापशिडी आणली, बुद्धिबळ आणलं, तरी पोट्टे खेळत नाहीत

प्रश्न: ताई, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, पोट्टे दिवसभर मोबाईलवर. म्हणून सापशिडी आन बुद्धिबळ आणलं. सापशिडीचा दोन दिवसात कंटाळा आला, बुद्धिबळात मोठाच जिंकते म्हणून धाकटा आता बसतच नाही. पटावरच्या खेळात मजा येते तरी कशानं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: भाऊ, पोट्ट्यांचं काही चुकलं नाही. सापशिडीत ठरवायला काही नसतेच, फासा पडला तितकी घरं पुढं, मग साप नाहीतर शिडी, जरा मोठ्या पोराला लगेच समजते की आपल्या डोक्याचं इथं काही काम नाही. बुद्धिबळात उलटं, सगळं डोक्यावर, आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तो त्याच जोरावर, पण घरात एक पक्का आन दुसरा कच्चा असला की निकाल बसायच्या आधीच ठरलेला असते. मजा या दोघांच्या मधात आहे असं माझं ठाम मत आहे, नशीबही पाहिजे आन निवडही.

अष्टाचंग काढा, दान पडेल तशा सोंगट्या फिरवत पटाच्या मधोमध न्यायचा आपला जुना खेळ, त्यात हे दोन्ही आहे. फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं, चार बाजूंच्या मधल्या घरात फुली. दोन चिंचोके फोडले की चार फाका होतात, जितक्या पांढऱ्या पडल्या तितकं दान, चारही काळ्या पडल्या तर आठ. फाका दोन्हीकडून सारख्याच पडतात असं धरलं तर १६ पैकी ६ वेळा दोन येतात, चार एकदा आन आठ एकदाच, म्हणून तर आठ पडलं की सगळी ओसरी ओरडते. पण खरा जीव पुढं आहे, दोन पडले, आता समोरच्याची सोंगटी मारायची का आपली फुलीत नेऊन वाचवायची? मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही हा नियम बिलकुल सोडू नका, नाहीतर जो तो आपापलं पळत सुटते आन कोणी कोणाकडं पाहतच नाही. या नियमामुळंच मागं पडलेला धाकटा पुढच्याला धाकात ठेवते.

तुम्ही स्वतः बसा, आजीलाही बसवा, पण मुद्दाम हरू नका, पोराला ते कळते आन राग येते.

बुद्धिबळही ठेवून देऊ नका. मोठ्याला वजीर काढून खेळवा, धाकटा लागोपाठ जिंकायला लागला की वजीर परत द्या आन हत्ती काढा.